आफ्रिकेतली विमानं बनवायचीत ना, मग आधी हे वाच

प्रिय दोस्ता,

प्लास्टिकच्या किटमधून बनवायच्या छोट्या मॉडेल विमानांची तुझी लिस्ट वाचली. इथिओपियाचं सुखोई-२७, इरिट्रियाचं मिग-२९, लिबियाचं टुपोलेव-२२, साउथ आफ्रिकेचं मिराज, ऱ्होडेशियाचं हंटर, सोमालियाचं मिग-२१ आणि खाली अजून बरीच. उत्साह झकास आहे, पण खरं सांगू का, ही खरेदीची यादी झाली. असंच घेत सुटलास तर वर्षभरात कपाटात बंद खोक्यांची चळत लागेल, टेबलावर अर्धवट चिकटवलेली दोन विमानं धूळ खात पडतील आणि कस्टम ड्युटी भरून भरून खिसा रिकामा, असले लोक मी ढिगाने बघितलेत. माझं ऐकशील तर देश निवडू नकोस, विमानाचा टाइपही निवडू नकोस. एकच ठरावीक विमान घे आणि त्याच्या आयुष्यातला एकच दिवस घे. दिवस पक्का झाला की रंग कोणता, खाली काय टांगलेलं, किती मळलेलं, पायलट कोण, ही सगळी उत्तरं शोधायची दिशा मिळते. नाहीतर तू नुसतं 'आफ्रिकेतलं मिग' बनवशील, म्हणजे कुठलंच नाही.

सुरुवात कांगोपासून कर, कारण तिथे आपलीही विमानं होती आणि हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीतच नसतं. १९६० च्या जूनअखेरीस कांगो बेल्जियमपासून स्वतंत्र झाला आणि दोन आठवडे होतात न होतात तोच कटांगा प्रांत फुटून निघाला. तांब्याच्या खाणी तिथे, बेल्जियन पैसा तिथे, भाडोत्री सैनिक तिथे. १९६१ च्या सप्टेंबरात गंमत अशी झाली की यूएनच्या फौजेकडे एकही लढाऊ विमान नव्हतं आणि कटांगाकडे उडणारं असं एकच फूगा मॅजिस्टर होतं. म्हणजे खरं तर ट्रेनर, व्ही आकाराच्या शेपटीचं, दिसायला एकदम नाजूक, पण त्या एकट्याने यूएनची वाहतूक विमानं आणि ठाणी हैराण करून सोडली. मग यूएनच्या मदतीला स्वीडनने टुनान ही लढाऊ विमानं पाठवली, इथिओपियाने सेबर पाठवली आणि आपल्या एअरफोर्सच्या ५ नंबर स्क्वाड्रनची सहा कॅनबेरा बॉम्बर आग्र्याहून निघून कांगोत पोचली. ५ डिसेंबर १९६१ ला या कॅनबेरांनी कटांगातल्या कोलवेझीच्या धावपट्टीवर हल्ला केला. त्याच दिवशी कटांगाची राजधानी एलिझाबेथव्हिल इथे यूएनच्या फौजेतले आपले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. हा घे तुझा दिवस. एका शेल्फवर कॅनबेरा, टुनान आणि मॅजिस्टर, तिन्ही १/७२ मध्ये (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढी), एवढं जमलं तरी दोन पावसाळे मजेत जातील.

किट घेताना एक बघ. आपली कॅनबेरा होती ती बी(आय)५८ प्रकारची, म्हणजे ब्रिटिशांच्या बी(आय)८ चा भाऊ. पायलटची काच फायटरसारखी आणि मधोमध नाही तर डावीकडे सरकलेली, नॅव्हिगेटर बिचारा पुढे नाकात. बी.२ या दुसऱ्या प्रकारच्या कॅनबेराचं किट स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नकोस, त्याचं अख्खं नाकच वेगळं आहे. (ते मिळालंच तर ठेव बाजूला, इथिओपियाने पुढे जी चार कॅनबेरा घेतली ती त्या जातीची होती.) एअरफिक्सचं बी(आय)८ चांगलं आहे. पंख १/७२ मध्ये साधारण २७ सेंटिमीटर भरतात, तेव्हा शेल्फ आधी मोज. नाकात वजन टाकायला विसरलास तर ते शेपटीवर बसणार, त्यात पुढे काच असल्यामुळे शिसं लपवायला जागा कमी, कॉकपिटच्या मागची पोकळी गच्च भर. टुनानसाठी हेलरचं जुनं किट पुरे, पिंपासारखं गोल विमान आहे, सांधे थोडे पुट्टी खातात एवढंच. कटांगाच्या झेंड्याची डिकॅल, म्हणजे विमानावर चिकटवायचं छापील चित्र, घरी प्रिंट करणार असशील तर आधीच सांगतो, साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे झेंड्याच्या पांढऱ्या भागाखाली पांढरा रंग आधी मारून ठेव आणि मगच डिकॅल बसव, नाहीतर तांब्याचे ते तीन क्रॉस खालच्या रंगात बुडून जातील.

पण माझा जीव खरा अडकलाय तो बियाफ्रात. १९६७ ला नायजेरियाचा पूर्व भाग बियाफ्रा या नावाने फुटून निघाला, जानेवारी १९७० पर्यंत लढाई चालली, वेढा पडला आणि लाखो माणसं मेली, त्यातली बहुतेक उपासमारीने. कार्ल गुस्ताव फॉन रोझेन नावाचा स्वीडिश काउंट ऑगस्ट १९६८ मध्ये मदतीचं विमान घेऊन, झाडांना घासून जाईल इतकं खालून, वेढा चुकवून तिथे उतरला. हा माणूस १९३५ मध्ये इथिओपियात रेड क्रॉसचं विमान उडवत होता, मग फिनलंडच्या बाजूने रशियाशी लढला, असा एकूण प्रकार. उपाशी पोरं डोळ्यांनी बघितल्यावर त्याने ठरवलं की नुसतं धान्य टाकून भागणार नाही. पाच एमएफआय-९बी गोळा केली, दोन सीटचं खेळण्याएवढं स्पोर्ट्स विमान, इंजिन १०० हॉर्सपॉवरचं. गॅबनमध्ये नेऊन पंखांखाली रॉकेटचे पॉड, म्हणजे रॉकेट ठेवायची नळकांडी, लावले, फोक्सवॅगन गाड्यांचा हिरवा रंग मारला आणि २२ मे १९६९ ला पोर्ट हारकोर्टच्या विमानतळावर धाड घातली. तीन पायलट स्वीडिश, दोन बियाफ्राचे. पुढच्या काही दिवसांत नायजेरियातलंच बेनिन शहर, एनुगु आणि उघेलीचं वीज केंद्र यांच्यावरही धाडी. लोक त्यांना 'बियाफ्रा बेबी' म्हणायला लागले.

आता बघ, इथे तुझा रंगाचा चार्ट उपयोगाचा नाही. गाडीचा रंग, ब्रशने मारलेला, कुठलाही लष्करी नंबर नाही. तुला वाटेल सुटलो, काहीही हिरवा चालेल. नाही चालणार. कारण रंग कसा लागला हे दिसायला हवं: कडा टेप लावून केलेल्या तीक्ष्ण मास्किंगच्या नकोत, हाताने ओढलेल्या हव्यात, आणि गाडीचा इनॅमल सुरुवातीला चमकतो, तेव्हा विमान पहिल्या दिवशी अगदी मॅट करू नकोस, अर्धवट चमक ठेव. उपलब्ध फोटो बहुतेक काळेपांढरे आहेत, त्यात हिरव्याच्या दोन छटांचा फरक कळतो पण छटा कळत नाही. तिथे तू ठरवायचं आणि का ठरवलं ते वहीत लिहून ठेवायचं. नेटवर मिळणारी रंगीत प्रोफाइल चित्रं बघून रंगवू नकोस, एकाने अंदाज केलेला असतो आणि पुढच्या दहा जणांनी तोच उचललेला असतो. फोटो आधी, चित्र नंतर.

विमान पिटुकलं आहे, १/७२ मध्ये पंख जेमतेम १० सेंटिमीटर. पंख खांद्याच्या उंचीवर आणि किंचित पुढे झुकलेले असतात. मागे झुकवलेस तर गेलंच सगळं. पॉड मात्र नीट कर, कारण नजर तिथेच जाते. रॉकेट ६८ मिमीची, एका पॉडमध्ये सहा. ६८ ला ७२ ने भाग, ०.९४ मिमी आलं. आता मेडिकलवाल्याकडे जा आणि २० गेजच्या, पिवळ्या टोपणाच्या, कोऱ्या सुया माग. त्यांची जाडी ०.९ मिमीच्या आसपास असते आणि आत भोक आयतं तयार. सुरीने कापायला जाऊ नकोस, स्टील आहे, सुरी जाईल आणि बोटही. तिकोनी कानशीने गोल खाच पाड, चिमट्यात धरून वाकव, कडकन तुटते, मग तोंड पॉलिश पेपरवर घास. चष्मा घाल, तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. सहा सारखे तुकडे जमवायला दुपार जाते. जाऊ दे.

लाल माती. कटांगात काय आणि बियाफ्रात काय, जमीन तांबडी, आणि तू कोकणातला म्हणजे जांभ्याचा फुफाटा कपड्याला कसा धरतो ते तुला मी काय सांगू. पण अंगणातली माती विमानावर टाकू नकोस, १/७२ मध्ये तिचा एक कण दगड दिसतो. पेस्टलचे खडू घासून पावडर कर, चाकं, पोट, पंखाचं मूळ, एवढ्यावरच लाव. वरून खाली सगळं लाल केलेलं विमान फोटोत छान दिसतं पण खोटं असतं. आणि लॅकर मारायचं असेल तर भर पावसात मारू नकोस, दमट हवेत त्याच्यावर पांढरी साय धरते.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. बियाफ्रा बेबी रोमँटिक वाटते, मलाही वाटते. पण धाड पडली त्या विमानतळावर माणसंच होती. आणि ५ जून १९६९ ला नायजेरियाच्या मिग-१७ ने स्वीडिश रेड क्रॉसचं धान्य नेणारं डीसी-७ पाडलं, त्यातही माणसंच होती. म्हणून बेबी बनवलीस की बाजूला नायजेरियाचं मिग-१७ पण बनव आणि जमलं तर मदतीचं एखादं मोठं विमान. बियाफ्रात उली नावाच्या गावाजवळ रस्त्याचीच धावपट्टी केली होती, रात्री क्षणभर दिवे लागायचे आणि त्यात ही धूडं उतरायची, त्यात सुपर कॉन्स्टेलेशन पण होती. त्या जातीचं अख्खं विमान बघायचं असेल तर गोव्याला बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात उभं आहे, जाऊन ये. चाकाच्या खोबणीत डोकं घालून बघ, तिन्ही शेपट्यांचे फोटो काढ, रिव्हेट कुठे दिसतात आणि कुठे दिसत नाहीत ते बघ, कारण किटवाले सगळीकडेच खड्डे पाडून ठेवतात.

बाकी फॉन रोझेन १९७७ ला इथिओपियातच गेला, गोडे इथे, सोमाली हल्ल्यात. तुझ्या लिस्टमधलं सोमालियाचं मिग-२१ त्याच ओगादेनच्या, म्हणजे इथिओपिया-सोमालियाच्या लढाईतलं आहे, समोर इथिओपियाची एफ-५ होती, तेव्हा ती जोडी नंतर घे, आता नको.

सध्या काम एकच, सुया आणून सहा नळ्या काप. झाल्या की शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठव, फ्लॅश न मारता, म्हणजे टोकं सरळ आहेत का ते मला दिसेल.

तुझा,
काका