सुपरक्रिटिकल पद्धतीने बारीक कण: सुरुवातीला एवढंच सांभाळ

एम.टेक.ला हा विषय घेतलास, बरं केलंस. आधी एकच बघ: ज्या औषधाचे बारीक कण करायचे ते सुपरक्रिटिकल (म्हणजे ठराविक तापमान आणि दाबापलीकडचा, ना धड द्रव ना धड वायू) कार्बन डायऑक्साइडमध्ये विरघळतं का? विरघळत असेल तर 'रेस' (RESS, सुपरक्रिटिकल द्रावणाचं झटपट प्रसरण), म्हणजे ते द्रावण नोझलमधून झटक्यात सोडायचं. ध्रुवीय औषधं सहसा विरघळत नाहीत. त्यांना 'सास' (SAS, सुपरक्रिटिकल अँटीसॉल्व्हंट): औषध ॲसिटोनसारख्या द्रावकात, आणि कार्बन डायऑक्साइड त्याला तिथून बाहेर काढणार. बाकीच्या पद्धती सध्या राहू दे.

नवख्यांचं घोडं अडतं ते इथे:

१. पंप. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ३१.१ अंश सेल्सिअस आणि ७३.८ बार; त्या तापमानाच्या वर तो द्रव राहूच शकत नाही, आणि पंपाला तर द्रवच लागतो. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. व्हरांड्यातल्या सिलिंडरमध्ये द्रव उरतच नाही, पंप नुसता धापा टाकतो आणि पोरं पंपालाच दोष देत बसतात. सिलिंडर एसी खोलीत ठेव, पंपाचं हेड आणि त्याच्याकडे येणारी नळी चिलरने चांगली गार कर.

२. नोझल तुंबणं. दाब उतरताना वायू थंड पडतो, कोरडा बर्फसुद्धा धरतो. नोझल गरम ठेव.

३. घाई. सासमध्ये द्रावण थांबवलं की लगेच दाब सोडू नकोस. आधी नुसता कार्बन डायऑक्साइड चालू ठेवून द्रावक धुऊन काढ, नाहीतर कण पुन्हा त्यातच भिजून गोळा होतात.

हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. कूलरसाठी खिडकी उघडतोस तशी यासाठीही उघड, आणि रात्री एकट्याने रन घेऊ नकोस. महागडं औषध नंतर. आधी पॅरासिटामॉलवर हात बसव.