राजेच स्पर्धेत उतरतात, अशी टेबलटॉप मोहीम (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, पात्रं वठवत खेळायची लांबलचक गोष्ट) कशी रचावी?
सामने कमी ठेवा, तंबूतल्या वाटाघाटी जास्त. एक राजा लढत असताना बाकीचे खेळाडू फासे कुरवाळत जांभया देतात, खरी अडचण तीच. त्यांना पैजा लावू द्या, हेर पाठवू द्या, पंचाला फितवू द्या. हरणाऱ्याला बाद मात्र करू नका. त्याचं एखादं बंदर जाऊ दे, पण पुढच्या फेरीत कुणाला पाठिंबा द्यायचा हे त्याच्या हाती असू दे. असा चिडलेला राजा फार कामाचा असतो!

अपघातालाही जागा हवी. १५५९ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री भालाझुंजीत उतरला, डोळ्यात भाल्याची ढलपी घुसली आणि दहा दिवसांनी गेला. गादीवर आला पंधरा वर्षांचा मुलगा. वीस बाजूंच्या फाशावर १ पडला, की असंच काहीतरी घडवा.