सर्व्हरवर चढवलेल्या पानांतून छायाचित्रे का गायब होतात?

प्रश्न : आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ मी ड्रीमवीव्हर या संकेतस्थळे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केले आहे. माझ्या संगणकावर सर्व पाने व्यवस्थित दिसतात. परंतु सर्व्हरवर चढवल्यावर मजकूर तेवढा दिसतो आणि बहुतेक छायाचित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी येतात. मूळ छायाचित्रे डेस्कटॉपवर सुरक्षित आहेत. मग अडचण कुठे आहे?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : छायाचित्रे डेस्कटॉपवर आहेत, हेच अडचणीचे मूळ असण्याची दाट शक्यता आहे. वर्डच्या फाइलमध्ये चित्र सहसा त्या फाइलमध्येच सामावले जाते. एचटीएमएल पानात, म्हणजे वेबपानात, मात्र बहुधा त्याचा केवळ पत्ता लिहिलेला असतो. ड्रीमवीव्हरच्या कोड व्ह्यूमध्ये, म्हणजे पानाचा मूळ कोड दाखवणाऱ्या दृश्यात, हा पत्ता पाहावा. तो ‘फाइल’ या शब्दाने व तीन तिरक्या रेघांनी सुरू होऊन पुढे सी ड्राइव्हचा उल्लेख करत असेल, तर पान पाहणाऱ्या व्यक्तीचा ब्राउझर ते चित्र त्या व्यक्तीच्याच संगणकावर शोधू पाहतो आणि साहजिकच ते सापडत नाही. यावर उपाय म्हणजे ‘मॅनेज साइट्स’मध्ये संकेतस्थळाचा मूळ फोल्डर निश्चित करून सर्व चित्रे त्याच्या आत आणावीत आणि प्रॉपर्टीज पॅनेलमधून ती पुन्हा जोडावीत.

काही चित्रे दिसतात व काही दिसत नाहीत, असे असेल तर फायलींची नावे तपासावीत. विंडोज कॅपिटल व स्मॉल अक्षरांत भेद करत नाही, परंतु लिनक्सवर चालणारे सर्व्हर तो काटेकोरपणे करतात. त्यामुळे कॅमेऱ्यातून कॅपिटल अक्षरांतले ‘जेपीजी’ एक्स्टेन्शन घेऊन आलेली फाइल पानात स्मॉल अक्षरांत नोंदवली गेली असेल, तर घरी बिनतक्रार दिसणारे चित्र तिथे हरवते. नावे स्मॉल रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवावीत, आणि बदल ड्रीमवीव्हरच्या फाइल्स पॅनेलमध्येच करावा, कारण तेथे संबंधित दुवे सुधारण्याची विचारणा होते.

पान चढवताना ‘डिपेंडंट फाइल्स’ही (म्हणजे पानाला लागणारी चित्रे व इतर फायली) पाठवायच्या का, असा प्रश्न येतो. त्यास नकार देऊन ‘पुन्हा विचारू नका’ या चौकटीत खूण केली गेली असेल, तर त्यानंतर केवळ पानेच जात राहतात. प्रेफरन्सेसमधील ‘साइट’ विभागात ही विचारणा पुन्हा सुरू करता येते. सीएसएसमधील (पानाचे रंगरूप व मांडणी ठरवणाऱ्या फाइलमधील) पार्श्वचित्रांचा सापेक्ष पत्ता पानापासून नव्हे, तर सीएसएस फाइलच्या जागेपासून मोजला जातो, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही.

एवढे करूनही चित्र दिसले नाही, तर ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ विभाग उघडावा, पान पुन्हा लोड करावे आणि ४०४ (म्हणजे ‘फाइल सापडली नाही’) असा शेरा असलेल्या ओळीतील पत्ता सर्व्हरवरील नावाशी अक्षरागणिक ताडून पाहावा. ड्रीमवीव्हरची दुवे तपासण्याची सोयही जरूर वापरावी. मात्र तिने दाखवलेल्या ‘ऑर्फन्ड’ (कोणत्याही पानाशी न जोडलेल्या) फायली लगेच पुसून टाकू नयेत, कारण एखाद्या स्क्रिप्टमधून वापरल्या जाणाऱ्या फायलीही त्या यादीत येऊ शकतात.