आधी पाण्याचा नकाशा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. नवी मुंबईतल्या नेरूळच्या उद्यानाचा तुझा आराखडा पाहिला. रेखाटन सुबक आहे. परंतु ‘स्थानिक ओळख’ म्हणून तू भिंतीवर वारली चित्रे, जांभ्या दगडाचे पार आणि कौलारू प्रवेशद्वार एवढेच दाखवले आहेस. वारली चित्रे डहाणू-जव्हारकडची, जांभा रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा. इथल्या पारसिकच्या डोंगरात मात्र काळा पाषाण आहे. शिवाय हे सारे उद्या काढून टाकले तरी उद्यानाचे काहीच बिघडणार नाही, हा माझा खरा आक्षेप आहे.

इथली ओळख पाण्याच्या व्यवहारात आहे. खाडीकाठच्या आगरी शेतकऱ्यांनी खारबांध, म्हणजे खारे पाणी अडवणारे बांध, घालून भातशेती केली. बांधातल्या उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, झडप भरतीच्या दाबाने मिटे आणि ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी तिला ढकलून खाडीत उतरे. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने वाशी, नेरूळ, बेलापूर वसवताना पावसाचे पाणी तात्पुरते धरून ठेवणारे जे धारण तलाव राखले, त्यांचे कामही याच तत्त्वावर चालते. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला, तर सखल भागाचा भार हेच तलाव पेलतात. (त्यांच्याकडे पाहून ज्यांना फक्त कारंजी सुचतात, अशी मंडळी तुला पुष्कळ भेटतील.) म्हणून तुझ्या जागेचा सखल कोपरा भर घालून उचलू नकोस. तिथे पाणी येऊ दे, पायवाट कडेने उंचावरून ने आणि पाणी दिवसा-दोन दिवसांत ओसरेल एवढा उतार ठेव, म्हणजे डासांची तक्रार येणार नाही. पाऊस सरला की तीच जागा मुलांना खेळायला मोकळी राहील.

झाडांच्या यादीतून कोनोकार्पस हे परदेशी झाड काढून टाक. खाऱ्या वाऱ्याला करंज, उंडी आणि भेंड टिकतात. ओल सोसणारा तामण सखल कोपऱ्याजवळ लाव, तो एप्रिल-मेमध्ये जांभळा बहरतो. कोणत्याही खोडाला काँक्रीट भिडवू नकोस. तिवरांपासून, म्हणजे खाडीच्या खारफुटीपासून, 50 मीटरचा पट्टा न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे मोकळा ठेवावा लागतो, तेव्हा खाडीकडची बाके मागे घे.

पुढच्या आठवड्यात जमिनीचा उतार, उधाणाच्या भरतीची पातळी आणि पाणी बाहेर पडण्याची वाट एवढेच दाखवणारा नकाशा पाठव. बाकीचे त्यावर नंतर मांडू.

तुझा हितचिंतक