व्हॅक्यूम लाइनला स्टँडबाय पंप जोडायचा आहे. पाइप आणि व्हॉल्व्हमध्ये काय काय बदलावं?

तुमची मांडणी अशी: सुमारे 200 लिटरचं चेंबर, 100 घनमीटर प्रति तास क्षमतेचा ऑइल रोटरी व्हेन पंप, मध्ये 40 मिमी आतल्या व्यासाचा 5 मीटर पाइप, काम 0.1 मिलिबारला. आता शेजारी तसाच दुसरा पंप हवाय आणि पाइप तोच ठेवायचा विचार आहे.

पाइप ठेवू नका. पाइपमधला सरासरी दाब 10 मिलिबार असताना या पाइपमधून चेंबरला 96 घनमीटर प्रति तास मिळतात, म्हणून सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. तोच सरासरी दाब 0.1 मिलिबार झाला की मात्र जेमतेम 23 उरतात. 63 मिमी केला तर तिथेच 63 मिळतील, 100 मिमीला 91. कारण या टप्प्यात पाइपची वहनक्षमता व्यासाच्या जवळपास चौथ्या घाताने वाढते, लांबीच्या मात्र फक्त व्यस्त प्रमाणात घटते. 40 मिमीवर दोन्ही पंप एकत्र चालवले तरी फारसा फरक पडणार नाही. अडचण पाइपात आहे. माझ्या मते 63 मिमी पुरेसा आहे. रिड्यूसर (माप कमी करणारा जोड) लागला तर पंपाच्या तोंडाशी लावा, चेंबरजवळ नको.

आता व्हॉल्व्ह. प्रत्येक पंपाच्या सक्शनला एक स्वतंत्र आयसोलेशन व्हॉल्व्ह (पंप लाइनपासून तोडणारा), लाइनच्याच मापाचा. बेलोज सीलचा (दांड्याभोवती धातूची लवचिक नळी असलेला) अँगल व्हॉल्व्ह उत्तम. पाण्याच्या लाइनचा गेट व्हॉल्व्ह वापरू नका, त्याच्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) हवा आत येतच राहते. या व्हॉल्व्ह आणि पंपाच्या मधल्या तुकड्यावर दोन गोष्टी हव्यात: एक गेज आणि एक छोटा व्हेंट व्हॉल्व्ह (थांबलेल्या पंपाकडे हवा सोडणारा). गेज पाइपच्या वरच्या बाजूला, त्याचं तोंड खाली येईल असा बसवा, खाली लोंबता बसवला की त्यात तेल आणि कंडेन्सेट साचतं.

वीज गेली तर काय होईल, हे ड्रॉइंगवर प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी लिहा. आयसोलेशन स्प्रिंगने बंद व्हायला हवा, व्हेंट स्प्रिंगने उघडायला हवा. नाहीतर थांबलेल्या पंपातलं तेल लाइनमध्ये ओढलं जातं. पंपात सक-बॅक (तेलाचं असं मागे ओढलं जाणं) रोखणारा व्हॉल्व्ह असला तरी एकट्या त्याच्या भरवशावर राहू नये. व्हेंटचं भोक लहान ठेवा, म्हणजे हवा आत भरायच्या आधी आयसोलेशन पूर्ण बंद झालेला असेल. सॉल्व्हंटची वाफ येत असेल तर व्हेंटला हवा नको, नायट्रोजन जोडा.

इथे एक गोष्ट बहुतेक वेळा सुटते. स्टँडबाय पंप व्हेंट केलेला असताना त्याच्या आयसोलेशन व्हॉल्व्हच्या एका बाजूला पूर्ण वातावरणीय दाब आणि दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम असतो, तोही दिवसेंदिवस. म्हणून पंपाच्या बाजूने दाब आला तरी सीट धरेल असाच व्हॉल्व्ह घ्या आणि त्याच्यावरच्या बाणाची दिशा पाहूनच बसवा. पंप बदलताना क्रम असा: स्टँडबायचा व्हेंट बंद, पंप चालू, गॅस बॅलास्टवर (पंपात थोडी हवा सोडून वाफ बाहेर काढणारी सोय) अर्धा तास गरम होऊ द्या, मग बॅलास्ट बंद करून गेजवर दाब पुरेसा उतरल्याची खात्री करा. त्यानंतरच त्याचा आयसोलेशन उघडा, आणि शेवटी पहिल्या पंपाचा बंद करा.

एक्झॉस्टवर हाताने बंद होणारा व्हॉल्व्ह कधीही लावू नका. तो चुकून बंद राहिला तर पंपाच्या बॉडीत दाब चढतो. दोन्ही पंपांचे एक्झॉस्ट शक्यतो वेगळे न्या, पोर्टपेक्षा कमी मापाचा पाइप नको, आणि वर चढणाऱ्या पाइपच्या पायथ्याशी ड्रेन द्या, म्हणजे कंडेन्सेट परत पंपात उतरणार नाही.

वेल्डिंग आतून सलग करा, बाहेरून आधार लागलाच तर तुटक टाके द्या. दोन्हीकडून सलग केलं की मध्ये हवा अडकते आणि ती गळतीसारखी हळूहळू झिरपत राहते. पंपाजवळ कंपनासाठी स्टीलचा बेलोज घाला, पण दोन्ही बाजूंचा पाइप पक्का बांधा: 63 मिमीवर व्हॅक्यूम किमान 32 किलोच्या जोराने बेलोज आकसवतो.

जुनी लाइन तोडण्याआधी चेंबरचा दाब किती वेळात किती उतरतो ते नोंदवून ठेवा, नंतर तुलनेला दुसरं काही नसतं. काम झाल्यावर दोन्ही आयसोलेशन बंद करून दाब किती चढतो ते पाहा. चेंबर आणि लाइन मिळून 215 लिटर धरले आणि 10 मिनिटांत 0.02 मिलिबार चढला, तर गळती 215 × 0.02 ÷ 600, म्हणजे सुमारे 0.007 मिलिबार-लिटर प्रति सेकंद. तुमच्या कामाला ही नगण्य आहे. दाब सरळ रेषेत चढत राहिला तर खरी गळती. चढ हळूहळू मंदावला तर बहुधा आतला ओलावा. गळती जास्त निघाली तर स्टँडबाय चालू करून, त्याचा आयसोलेशन बंदच ठेवून, चाचणी पुन्हा घ्या. चढ एकदम कमी झाला तर फ्लँज उघडत बसू नका, त्याच व्हॉल्व्हची सीट तपासा.