नाकारला तो देव कोणता?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. दोन वर्षांपूर्वी वडील आजारी पडले तेव्हा आईने सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस केला होता. तरी वडील गेले. तेव्हापासून मी देव मानत नाही. आई मात्र आजही पौर्णिमेला परडी भरते आणि भंडाऱ्याचे बोट माझ्या कपाळाला लावायला आली की मी तोंड फिरवतो. ती मला नास्तिक म्हणते, तर बेळगावचा एक मित्र म्हणतो, ‘तू अज्ञेयवादी आहेस.’ मी नेमका कोण?
– एक वाचक

उत्तर : तुम्ही नाकारलेला देव हा नवसाला पावणारा, हाक मारल्यावर मरण मागे सारणारा देव आहे. त्याच्यापुरते तुम्ही नास्तिक आहात आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. पण या सृष्टीला कोणी कर्ता आहे का, हा प्रश्न वेगळा आहे. त्यावर तुमचे मन ‘कळत नाही’ एवढेच म्हणत असेल, तर मित्राचेही खरे आहे. ‘अज्ञेयवादी’ याचा मूळ इंग्रजी शब्द ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सली यांनी १८६९ मध्ये घडवला, तो पुराव्यावाचून जाणल्याचा दावा करू नये याच आग्रहातून.

आपल्याकडे तर ‘नास्तिक’ या शब्दाचा रोख फार काळ देवापेक्षा वेदांवर होता. मनुस्मृती वेदनिंदकाला नास्तिक म्हणते. म्हणून सृष्टिकर्ता ईश्वर न मानणारे, पण वेद प्रमाण मानणारे मीमांसक आस्तिकांच्या पंक्तीला बसले आणि जैन मात्र नास्तिक ठरले. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी हे जैन मंदिर १२०४ सालचे आहे. तिथे नेमिनाथांच्या मूर्तीपुढे हात जोडणाऱ्या श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, धर्मविचारात जगाचा निर्माता नाही, आणि तीर्थंकर कोणाचे मागणे पुरवत नाहीत. तरीही त्याला श्रद्धाहीन म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तुमच्या शेजारी एखादे लिंगायत घर असेल, तर सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग, म्हणजे अंगावर बाळगायचे छोटे लिंग, ठेवून चाललेली पूजा पाहा. बसवण्णांच्या बाराव्या शतकातील चळवळीने देव देवळातून काढून माणसाच्या हातात दिला. तेव्हा ‘देव मानतोस का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणण्याआधी ‘कोणता?’ असे विचारणे ही पळवाट नव्हे.

पळवाट दुसरीकडे आहे. निसर्ग म्हणजेच देव, माणुसकी म्हणजेच देव, असे म्हणत काही जण व्याख्या इतकी सैल करतात की तिच्यातून कोणीही बाहेर राहू शकत नाही, आणि मग ‘बघ, तूही आस्तिकच’ म्हणून तुमच्यासारख्याचा नकार पुसून टाकतात. हे मला पटत नाही. तुमचा नकार दुःखातून आलेला आहे आणि तो प्रामाणिक आहे. तो कोणाला खूश करण्यासाठी मागे घेऊ नका.

आता आईविषयी. नवस फळला नाही हे त्यांनाही तुमच्याइतकेच ठाऊक आहे, तरी त्यांची परडी रिकामी राहिली नाही. म्हणजे त्या ज्या यल्लम्मापुढे बसतात, ती तुम्ही नाकारलेला देव नसावी. येत्या पौर्णिमेला भंडारा लावून घेऊ नका हवे तर. पण शेजारी बसा आणि त्यांची यल्लम्मा त्यांना कशी दिसते, ते एकदा विचारा.