छंदघर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगड येथे वायुसेनेने मिग-21 विमानाला निरोप दिला. तो सोहळा पाहिल्यापासून नातवाने त्या विमानाची प्रतिकृती करण्याचा हट्ट धरला, म्हणून आम्ही 1:72 प्रमाणाचा संच आणला. नाकावरची पिटो नळी (विमानाचा वेग मोजणारी बारीक नळी) संचाच्या चौकटीपासून कापून काढताना ती उडाली आणि पाठोपाठ फरशीवर बारीक ‘टिक’ असे वाजले. खोलीत चिप्सची जुनी फरशी आहे, कूलर चालू होता. दोन दिवस शोधूनही नळी मिळाली नाही. काय करावे?
— एक आजोबा, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तो ‘टिक’ आवाज आपल्या लक्षात राहिला, हे फार चांगले झाले. एरवी असा तुकडा उडाला की जागचे न उठता आधी मांडी, बाह्या आणि सदऱ्याच्या घड्या तपासाव्या लागतात, कारण आवाज झाला नसेल तर तो बहुधा कपड्यांतच अडकलेला असतो. आपली नळी मात्र फरशीवर पडली आहे. इतका हलका तुकडा फरशीवरून उसळून पुष्कळ दूर घसरत जातो, त्यात कूलरचा झोत असेल तर अधिकच. त्यामुळे खुर्चीच्या आसपास घुटमळण्यापेक्षा कूलरच्या समोरच्या भिंतीपासून, कपाटाच्या पायांपासून शोधायला सुरुवात करावी.

चिप्सच्या फरशीवर करडा तुकडा रंगाने ओळखू येत नाही. तो सावलीवरून ओळखावा लागतो. रात्री कूलर, पंखा व दिवे बंद करून विजेरी फरशीवर आडवी ठेवा, म्हणजे प्रकाश जमिनीला लागून जाईल आणि रव्याच्या कणाचीसुद्धा लांब सावली पडेल. मात्र नळीसारखी बारीक, लांबट वस्तू प्रकाशाच्या रेषेतच पडलेली असेल तर तिची सावली जवळजवळ दिसत नाही, म्हणून तीच जागा विजेरी काटकोनात फिरवून पुन्हा पाहावी. हे दुसरे पाहणे बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या मते पुष्कळसे भाग तेवढ्यामुळेच हरवतात. चुंबकाचा येथे उपयोग नाही. तो प्लास्टिकही उचलत नाही आणि काही संचांसाठी मिळणारे पितळी जोडभागही नाही.

यानंतर इतवारीच्या सराफ्याची आठवण ठेवावी. सोनाराच्या दुकानातला केर झारेकरी विकत घेतो आणि धुऊन त्यातले सोने काढतो. आपणही आठवडाभर त्या खोलीचा केर फेकू नये. मऊ झाडूने भिंतीकडून मध्याकडे लोटून तो पांढऱ्या कागदावर पसरावा, आणि घरकामाला येणाऱ्या मावशींनाही तसे सांगून ठेवावे. चपलांचे तळवेही पाहावेत. माझ्या एका विमानाचे शेपटीचे चाक मला अकरा दिवसांनी चपलेच्या खाचेत, मातीत रुतलेले मिळाले होते.

तरीही नळी मिळाली नाही, तर ती घरी करता येते, आणि ती संचातल्या नळीपेक्षा सरस होईल. या प्रमाणात 1 मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले 7.2 सेंटिमीटर, त्यामुळे साच्यातून आलेली नळी बहुधा बेढब जाड असते. इंजेक्शनची 26 गेजची नवी सुई सुमारे 0.46 मिलिमीटर जाडीची, म्हणजे प्रत्यक्षात साधारण 3.3 सेंटिमीटर भरते. ती प्लास्टिक कापण्याच्या कातरीने कापू नये, पात्याला दात पडतील. कानशीने खाच पाडून मोडावी. टोकदार भाग आपण स्वतः काढून टाकावा, ते काम नातवाकडे देऊ नये. प्लास्टिकचे सिमेंट प्लास्टिक विरघळवून सांधते, पोलादाला ते धरत नाही. म्हणून तेथे फेविक्विकचा थेंब लावावा.

सुई नको असेल तर भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिचाच दांडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत न घालता, फिरवत धरावा. तो चकाकून मध्ये लवू लागला की बाजूला घेऊन दोन्ही टोके ओढावीत. हळू ओढल्यास तार जाड निघते, झटक्याने ओढल्यास केसासारखी. रंग आणि प्लास्टिक तेच असल्याने ती सिमेंटने पक्की बसते.

पुढच्या वेळी पारदर्शक मोठ्या पिशवीत हात घालून, भागावर बोट टेकवून कापा. पहिला काप भागापासून दूर द्यावा, दुसरा लगत. एकाच कापात ताण एकदम सुटतो आणि तुकडा उडतो.

प्रश्न : विमानाच्या दिव्याची पारदर्शक काच हरवली. ती कशानेच दिसत नाही.
— एक विद्यार्थिनी, सदर, नागपूर

उत्तर : तीही आडव्या प्रकाशात चमकून दिसते, परंतु एवढ्या लहान काचेसाठी फार वेळ घालवू नका. काडीच्या टोकाने दिव्याच्या खाचेत फेविकॉलचा थेंब सोडा आणि कूलरपासून दूर झाकून ठेवा. सुरुवातीला तो दुधासारखा पांढरा दिसेल. वाळल्यावर पारदर्शक होईल. थेंब आक्रसून मध्ये खळगा पडला, तर दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी एक थेंब सोडावा.